स्ट्रीमर जुना घ्यावा की नवा? सर, आधी ते पीककर्ज बघा

दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकाचं पत्र आलंय. वय 38, हातात पडतो 62 हजार पगार, घरी बायको, सहावीतली मुलगी आणि 71 वर्षांचे वडील. गाण्याचा शौक जुना. आता त्यांना घ्यायचाय एक नेटवर्क स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरची गाणी वाजवणारा डबा, ज्याच्या आतच हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आहे. जुनं मॉडेल दुकानदार स्टॉक काढायचा म्हणून 58 हजाराला देतोय, त्याचंच नवं व्हर्जन 89 हजाराला आहे. नव्यात डॅकची, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणारी, चिप नवी, स्क्रीन मोठी, हेडफोनसाठी 4.4 एमएमचं वेगळं बॅलन्स्ड आउटपुट, आणि पॉवर 100 मिलीवॅटवरून थेट 250 मिलीवॅट. हेडफोन त्यांच्याकडे आधीच आहे, 300 ओहमचा. प्रश्न एवढाच की "12 महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर नवीन घेतो म्हणतो, 31 हजारांचा फरक वसूल होईल का?" कंपनीचं नाव मी मुद्दाम काढलंय, त्यानं काही फरक पडत नाही.

आता पत्राचा शेवट वाचा, जसाच्या तसा देतो. "बाकी देणं काही नाही. वडिलांनी वावर माझ्या नावानं केलं त्यावर 2023 च्या खरिपाचं 2,20,000 पीककर्ज आहे, आता 2,74,000 दाखवते, पण माफी येणारच आहे म्हणून भरलं नाही. बँकेत त्याचंच विचारायला गेलो तर साहेब म्हणाले टेन्शन घेऊ नका सर, ही एक गॅरंटेड पॉलिसी घ्या, आपले संबंध चांगले राहतील. वर्षाला 1 लाख, 10 वर्षं. पहिला हप्ता भरला, 4 तारखेला पॉलिसी पोस्टानं घरी आली. 1.5 लाखांची एफडी अडीनडीला आहे. दोन वर्षांनी मुलगी आठवीत गेली की यवतमाळला घर बघायचं आहे, 20 लाख लोन काढू."

अरे बाप्पा. "बाकी देणं काही नाही" म्हणता सर आणि पुढच्याच ओळीत पावणेतीन लाख.

पत्र मला 19 तारखेला मिळालं, पॉलिसीची तारीख बघून त्याच दिवशी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केलं, निळी टिक आली पण उत्तर नाही, म्हणून इथेच सगळं लिहितो. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवस तुम्हाला ती परत करता येते, कारण सांगत बसायची गरज नाही, फ्री लुक म्हणतात त्याला. म्हणजे तुमच्याकडे पुढच्या महिन्याच्या 3 तारखेपर्यंत वेळ आहे. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचं रिस्कचं पैसं कापून बाकी सगळं परत येतं, 1 लाखातले 99 हजार धरा. अर्ज लेखी द्या, बँकेत द्याच पण विमा कंपनीच्या ईमेलवर सुद्धा टाका, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. साहेब म्हणतील पुढच्या आठवड्यात या, फॉर्म संपलेत, मॅडम रजेवर आहेत. हे सगळं 3 तारीख निघून जावी म्हणूनच असतं. ईमेल गेला की तारीख पक्की झाली. टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका.

परत का करायची, तर साहेबांनी पैसे भरायच्या स्लिपच्या मागे पेन्सिलीनं जो हिशोब लिहून दिला त्याचा फोटो तुम्ही जोडलाय तोच बघा. "10 भरा, 22 मिळतात, नफा 12, भागिले 10 = 12%." खाली दोन रेघा मारून गोल सुद्धा केलाय. तुम्ही गणित शिकवता ना सर? भागिले 10 कुठून आलं, 22 लाख तर 20 व्या वर्षाच्या शेवटी मिळतात! पहिला लाख 20 वर्षं अडकतो, शेवटचा 11 वर्षं. नीट मांडलं तर हा परतावा पाच टक्क्यांच्या जरासा वर बसतो. हेच पैसे पीपीएफमध्ये 10 वर्षं टाकले, पुढची वर्षं नुसते पाचपाचशे भरून खातं जिवंत ठेवलं आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला असं धरलं तर 20 वर्षांनी साडेएकोणतीस लाखाच्या आसपास होतात. साडेसात लाख कमी घेऊन संबंध चांगले ठेवायचे? आणि विमा म्हणून बघाल तर कव्हर 11 लाखांचं आहे, म्हणजे तुमचा दीड वर्षाचा पगार, त्यात मुलीचं शिक्षण आणि यवतमाळचं घर कसं बसवणार ते साहेबच जाणे. तुमच्या वयात 1 कोटीचा साधा टर्म प्लॅन (नुसता विमा, परतावा नाही) वर्षाला पंधरा-अठरा हजारात होतो, वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी पण सप्टेंबर 2025 पासून गेला. तो काढा, विषय संपला.

आणि एक लक्षात ठेवा, कर्जाचं काम करून देतो पण पॉलिसी घ्या अशी जबरदस्ती बँकेला करता येत नाही. पण करतात, मला अशी पत्रं दर महिन्याला येतात, पेरणीच्या तोंडावर तर जास्तच.

आता पीककर्ज. तुमचा प्रश्न 31 हजारांच्या फरकाचा आहे म्हणून त्याच आकड्यानं मोजू. 2,20,000 चे 2,74,000 झाले, म्हणजे व्याज 54 हजार. हेच कर्ज तुम्ही दरवर्षी मार्चच्या आत नवं-जुनं केलं असतं, म्हणजे भरून परत उचललं असतं, तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वेळेत भरणाऱ्याला केंद्राची सवलत धरून 4 टक्केच पडतात. वर्षाला 8,800, अडीच वर्षांचे 22 हजार. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत जिथं लागते तिथं तर शून्यावर येतं, तुमच्यासारख्या पगारदाराला लागते का ते बँकेत विचारून घ्या, पण सोडा, 4 टक्केच धरू. 54 वजा 22, 32 हजार. म्हणजे जुन्या आणि नव्या व्हर्जनमधला फरक तुम्ही बँकेला आधीच देऊन बसलात सर, आणि घरी डबा काही आला नाही! इथून पुढं अकरा टक्क्यांनं वर्षाला आणखी 30 हजार, महिन्याला अडीच हजार, दरवर्षी एक "अपग्रेड".

माफीचं म्हणाल तर मी पण कास्तकाराच्याच घरचा आहे, बोंडअळीनं पऱ्हाटी गेलेली बघितली आहे, ज्याचं सगळं पोट वावरावर आहे त्यानं माफीची वाट बघितली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तुम्ही कोण आहात ते बघा. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना घ्या की 2019 ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकरदार दोन्हीतून वगळलेले होते, 2019 मध्ये तर 25 हजारांच्या वर पगार असेल तर बाहेर असं सरळ लिहिलं होतं. आयकर भरणारे पण बाहेर. सातबाऱ्यावर नाव तुमचं, कर्ज तुमचं, पगार 62 हजार. ज्या पंगतीत तुमचं पान मांडलेलंच नाही त्या पंगतीसाठी तुम्ही अडीच वर्षं उपाशी बसलात. वडिलांच्या नावावर वावर असतं तर वेगळं बोललो असतो. उद्या नवीन योजना आली आणि तिच्यात नोकरदार घेतले तर चांगलंच आहे, पण आजवर दोनदा नाही घेतले, आणि "या वेळेस सगळ्यांचंच होणार आहे" हे तुम्हाला चहाच्या टपरीवर ज्यानं सांगितलं तो तुमचं व्याज भरणार नाही.

बरं नुकसान व्याजावर थांबत नाही. दोन हंगाम थकलं की असं कर्ज एनपीए (बँकेच्या लेखी अनुत्पादक) होतं, ते सिबिलला, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं, आणि तुम्हाला दोन वर्षांनी 20 लाखांचं होमलोन पाहिजे. शिक्षकाला बँका खुशीनं लोन देतात, पगार बुडत नाही म्हणून, पण थकीत दिसलं तर एकतर नाही म्हणतील नाहीतर दर वाढवतील. 20 लाख, 20 वर्षं, 8 टक्क्यांनं हप्ता 16,700 आणि 9 टक्क्यांनं 18,000. महिन्याला साडेबाराशेचा फरक, 20 वर्षांत 3 लाख. त्यात असे पाच स्ट्रीमर येतील.

मग भरायचं कुठून. पॉलिसीचे 99 हजार परत येतील. एफडीतले 1 लाख मोडा, साडेसहा टक्के मिळवायचे आणि अकरा टक्के द्यायचे याला काही अर्थ नाही, 50 हजार राहू द्या. उरले 75 हजार, कापसाचा चुकारा यायचा आहे असं तुम्ही लिहिलंय, तो स्ट्रीमरकडं न जाता इकडं यावा. झाले 2,74,000. बँक कदाचित म्हणेल वन टाइम सेटलमेंट करा, 30-40 हजार सोडतो, मोहात पडू नका, सिबिलवर सेटल्ड असा शिक्का बसतो आणि होमलोनच्या वेळेस तोच बोकांडी बसतो. पूर्ण भरा, नो ड्यूज घ्या, मग पाहिजे तर पुढच्या खरिपाला नवीन उचला आणि मार्चच्या आत भरत जा. फक्त भरण्यासाठी आठ दिवसांकरता सावकाराकडून शेकडा दोन-तीननं पैसे उचलायची जी पद्धत आपल्याकडं आहे ती तुम्हाला करायची गरज नाही, पगार आहे.

आता तुमचा डबा, थोडक्यात. नवं व्हर्जन घेऊ नका. 100 वरून 250 मिलीवॅट ऐकायला अडीचपट वाटतं पण पॉवर दुप्पट झाली की आवाज 3 डेसिबलनं वाढतो, अडीचपट म्हणजे 4 डेसिबल, व्हॉल्यूमचं बटण जरासं पुढं सरकवल्यासारखं. चांगल्या 300 ओहमच्या हेडफोनला 50 मिलीवॅटमध्येच कान दुखतील इतका आवाज निघतो, 100 पुष्कळ झाले. शिवाय ते 250 बॅलन्स्डमधूनच मिळणार, त्याला वेगळी केबल, ती चार-पाच हजारांची, हे दुकानदारानं सांगितलं नसेल. डॅकची नवी चिप कागदावर भारी आहे, तुमच्या कानाला जुनी-नवी डोळे बांधून ओळखता आली तर मला कळवा. बॉक्सवर टायडल आणि कोबझ या गाणी ऐकवणाऱ्या सेवांची नावं मोठ्या अक्षरात असतात, त्या सेवा भारतात अधिकृतपणे सुरूच नाहीत, म्हणजे त्या नावांचे पैसे फुकटच. नो कॉस्ट ईएमआय पण नावालाच नो कॉस्ट, व्याज किमतीतच लपलेलं असतं आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा कापतात, 89 हजारावर बाराशेच्या पुढं जातो, प्रोसेसिंग फी निराळी. दुकानदाराला "रोख दिले तर किती" विचारा, लगेच कळेल.

आणि गावातल्या नेटचं काय? तुम्ही मोबाईल हॉटस्पॉटवर चालवणार म्हणता. सीडीच्या दर्जाचं गाणं तासाला अंदाजे 400 एमबी खातं, त्याहून वरच्या दर्जाचं 192 किलोहर्ट्झवालं त्याच्या कितीतरी पट. दिवसाला दीड-दोन जीबीचं पॅक, त्यात मुलीचा अभ्यास, तुमच्या शाळेचे सतरा अ‍ॅप. वर लोडशेडिंग आणि व्होल्टेजचा नाच, इन्व्हर्टरवर टाकलं तरच तो डबा टिकेल.

खरी गंमत तर तुम्ही सहज लिहून गेलात. तुम्ही जास्त वेळ ऐकता ते वडिलांच्या कॅसेटमधलं भजन, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरीचं, गावातल्याच मंडळाचं रेकॉर्डिंग, शे-दीडशे कॅसेट, यवतमाळच्या एका दुकानातून 128 केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपीथ्री करून आणलेल्या. सर, 128 मध्ये खंजेरीच्या झांजांची किणकिण आधीच घासून गेलेली आहे, ती 89 हजारांचा डबा परत आणू शकत नाही, 9 लाखांचा पण नाही. चांगला चालणारा जुना कॅसेट डेक मिळवा, हेड स्पिरिटनं पुसा, कॉम्प्युटरला जोडून त्याच कॅसेट परत भरा, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न घासणाऱ्या फाइलमध्ये. दोन-चार हजारांत होतं आणि फरक वडिलांना सुद्धा कळेल. टेपची सूं राहील, राहू द्या.

एवढं करून स्ट्रीमर पाहिजेच असेल तर ईएमआयचे जे 7,400 तुम्ही दर महिन्याला देणारच होता ते आरडीत टाका. 8 महिन्यांत 59 हजार, जुनं व्हर्जन रोखीनं. पॉलिसीच्या हप्त्याचे महिन्याचे जे आठ हजार वाचले त्यातून टर्मचा हप्ता आणि मोडलेली एफडी भरून काढा. तोवर जुन्याचा स्टॉक संपला तर संपला, नव्याचं पण पुढचं व्हर्जन येईल आणि आजचं नवं क्लिअरन्सला लागेल.

3 तारखेच्या आत पोचपावतीचा फोटो पाठवा. आणि त्या कॅसेट माळ्यावर पत्र्याखाली ठेवल्यात म्हणता त्या आजच खाली काढा, उन्हाळा लागायच्या आत.