रोर्शाक कोण होते? त्यांच्या शाईच्या डागांत वटवाघूळ दिसणं वाईट असतं का?

वटवाघूळ दिसलं म्हणून घाबरू नका. रोर्शाक चाचणीत शाईच्या डागांची दहा कार्डं दाखवून काय दिसतं ते विचारतात; त्यातल्या पहिल्या आणि पाचव्या कार्डावर वटवाघूळ किंवा फुलपाखरू हीच अगदी नेहमीची उत्तरं आहेत. डागात काय दिसलं यावरून स्वभाव सांगणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, कारण ही चाचणी बनवणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ हर्मन रोर्शाक यांचा भर त्यावर नव्हताच. शिमोन हेन्स यांनी १९१७ साली झुरिकमध्ये आठ डाग वापरून प्रबंध लिहिला, त्यांचं लक्ष काय दिसलं यावर होतं. रोर्शाक यांनी प्रश्नच बदलला. माणूस अख्खा डाग घेतो की एखादा कोपरा, आकारावर जातो की रंगावर, त्याला हालचाल दिसते का? स्वित्झर्लंडमधल्या हेरिसाउच्या मनोरुग्णालयात असताना त्यांनी ४०५ जणांची उत्तरं या नजरेने तपासली, त्यांतले ११७ निरोगी. मुख्य रस होता स्किझोफ्रेनियाच्या निदानात.

या कामावरच्या त्यांच्या पुस्तकाला प्रकाशक मिळेना. अखेर बर्नच्या बिर्शर यांनी ते घेतलं, पण कार्डं दहाच छापली. छपाईत आकार लहान झाला, रंग बदलले आणि सपाट काळ्या भागांत करड्या छटा उतरल्या. दुसऱ्या कुणी ती छपाई रद्द करायला लावली असती. रोर्शाक यांना त्या छटांत अभ्यासाचा नवा धागा दिसला! जून १९२१ मध्ये पुस्तक आलं, फारसं खपलं नाही आणि २ एप्रिल १९२२ ला अपेंडिक्स फुटून रोर्शाक गेले. वय ३७. छटांचं काम पुढे इतरांनी नेलं. आजही तीच दहा कार्डं वापरतात.

चाचणी घेणारा शेजारी बसतो, समोर नाही, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून सूचना मिळत नाही. कार्डं ठरलेल्या क्रमाने हातात द्यायची, ‘हे काय असू शकेल?’ एवढंच विचारायचं, उत्तर शब्दशः लिहायचं. दहाही झाली की दुसरी फेरी: कुठे दिसलं, कशामुळे तसं वाटलं? ही गाळली तर रंग, छटा, हालचाल यांची नोंद नुसत्या अंदाजाने होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन एक्सनर यांच्या गुणांकन पद्धतीत एकूण उत्तरं १४ पेक्षा कमी आली तर चाचणी ग्राह्य धरत नाहीत.

एक्सनर यांच्या जुन्या मानकांवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या आकड्यांवर, निरोगी माणसंही आजारी ठरतात ही टीका मात्र मला पटते. विचारांतली विस्कळितता ओळखण्यात चाचणीचा पाया त्यामानाने भक्कम आहे. चाचणी द्यायची असेल तर आधी चित्रं शोधून पाहू नका. आणि मोबाइलवर डाग दाखवून निदान सांगणाऱ्याकडे दुसऱ्या फेरीची नोंद मागा.