श्राद्धाच्या पानाला नमस्कार न करणारा मुलगा

“मुलगा काहीच मानत नाही. आमचे संस्कार कुठं कमी पडले?” पितृपंधरवडा जवळ आला की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी कुणी ना कुणी येतंच. (ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील बदलले आहेत.)

एक गृहस्थ पत्नी आणि मुलासह आले. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलानं आजोबांच्या श्राद्धाच्या पानाला नमस्कार करायला नकार दिला होता. तेव्हापासून घरात अबोला.

“हे जेवण आजोबांपर्यंत पोचतं याला पुरावा काय?” मुलगा म्हणाला.

“ज्यांच्या खांद्यावर बसून वाढलास, त्यांच्यासाठी एवढंही करवत नाही?” वडील.

मुलगा विचारत होता, खरं काय आणि ते आपल्याला कळतं कसं? हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न. वडील विचारत होते, आपण कुणाचं काय देणं लागतो, वागावं कसं? हे नीतिशास्त्र. मेल्यावर काही उरतं का, हा सत्तामीमांसेचा, म्हणजे मुळात काय अस्तित्वात आहे याचा प्रश्न तर दोघांच्याही मागे उभा होता. तत्त्वज्ञानाच्या एका शाखेतल्या प्रश्नाला दुसरीतून उत्तर दिलं की कुणाचंच समाधान होत नाही.

मी वडिलांना सांगितलं, भारतीय दर्शनांचा आढावा घेणाऱ्या, माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलंच प्रकरण परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं आहे. त्यांची शंका अशी: श्राद्धानं मेलेला तृप्त होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची?

ते चकित झाले. “म्हणजे हा प्रश्न आपल्यातलाच?”

“आपल्यातलाच. आता सांगा, श्राद्ध केलं नाही तर काय होईल? पितर कोपतील?”

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “नाही हो. वडलांना विसरलो असं वाटेल.”

मुलानं मान वर केली. “बाबा, मनात नसताना हात जोडले तर मी त्यांच्याशी खोटं वागेन. आजोबांना खोटं खपायचं नाही.”

पुराव्याच्या भाषेआड मुलगाही नीतीचंच बोलत होता! एकाची कृतज्ञता, दुसऱ्याचा प्रामाणिकपणा, दोन्ही त्याच आजोबांकडून आलेले. संस्कार कमी पडले नव्हतेच. हे वडिलांना माझ्याकडून ऐकावं लागलं नाही, याचं मला फार समाधान आहे. त्या वर्षी पिंडदान वडिलांनी केलं, पंगतीत पानं मुलानं वाढली.

घटनेपेक्षा तिच्याविषयीचं आपलं मत आपल्याला अधिक छळतं, हे प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसनं सांगितलं आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ नंतर उपचारात आणलं. माझी बैठक तीच. मुलानं मानावं ही इच्छा आहे; मानलंच पाहिजे हा हट्ट. वडिलांनी आधी पुरावा दिलाच पाहिजे, हाही हट्टच. म्हणून वाद पेटला की थांबून एकमेकांना विचारा: आपण खरं-खोटं ठरवतोय की योग्य-अयोग्य? आत्मा आहे की नाही हे जेवणाच्या टेबलावर ठरणार नाही, तो वाद खुशाल वर्षानुवर्षं चालू द्या. त्या दिवशी घरात कोण काय करणार, हे मात्र आठवडाभर आधीच बसून ठरवा, आणि पाहुणे जमल्यावर तो विषय पुन्हा काढू नका.