अकाउंट उडवण्याआधी

चि. मुली,

"इन्स्टाग्रामचं अकाउंट उडवून मोकळी होते," म्हणतेस. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घोडेमोडणीचे (शिगम्याच्या सणातल्या घोड्यांच्या नाचाचे) फोटो तू जीव तोडून काढायचे, आणि ते कुणाला, किती जाहिरातींनंतर दिसावेत हे कंपनीने ठरवायचं, वैताग यायचाच. सोड, पण आजच नको.

आधी स्वतःचा पत्ता कर. एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, घे, वर्षाला साधारण हजार रुपयांत भागतं. त्यावर साधं पान, आणि ज्यांना फोटो हवेत त्यांच्या ईमेलची यादी. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, गूगल प्लस 2019 च्या एप्रिलमध्ये. तिथे जमवलेली माणसं पुन्हा शोधायची कुठे? तुझी मुंबईची आत्या नि दुबईतला मामा नव्या ॲपवर येणार नाहीत, हे धरूनच चाल. त्यांना ईमेल पुरे. घरचा व्हॉट्सॲप ग्रुप तर राहू दे. चवथीच्या तोंडावर आईला नवं ॲप शिकवायच्या भानगडीत पडू नकोस.

मग पिक्सेलफेड बघ. इन्स्टाग्रामसारखंच फोटो टाकायचं, पण एका कंपनीच्या हातात नाही; वेगवेगळे लोक आपापले सर्व्हर चालवतात, त्यातला एक तू निवडायचा. ते आणि मॅस्टोडॉन (तसंच चालणारं, पण ट्विटरसारखं) ॲक्टिव्हिटीपब या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे एकमेकांशी बोलायच्या समाईक नियमांवर, चालतात, म्हणून मॅस्टोडॉनवरचा माणूस तुला तिथूनच फॉलो करू शकतो. जाहिराती नाहीत, पण सर्व्हरचा खर्च कुणीतरी भरतोच, बहुतेक ठिकाणी देणग्यांतून. म्हणून नाव-लोगोवर भाळू नकोस. सर्व्हर चालवतो कोण, पैसे कुठून येतात, तक्रारी कोण बघतो, ते आधी वाच. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरनी रोज बॅकअप घ्यायचं आणि बंद करण्याआधी तीन महिने कळवायचं कबूल केलेलं असतं. तशी वेळ आलीच तर मॅस्टोडॉनवर फॉलोअर्स दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. तेव्हा मूळ फोटो तुझ्या हार्डडिस्कवर हवेतच.

आणि हो, मॅस्टोडॉनवरचे खाजगी मेसेज सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर त्याला वाचता येतात. तसलं बोलणं सिग्नल या मेसेजच्या ॲपवर कर. (सिग्नल असं अनेक सर्व्हरांत वाटलेलं, विकेंद्रित नाही, एक ना-नफा संस्था चालवते. मला तेवढं पुरतं; तुझे कट्टर मित्र नाक मुरडतील.)

घरीच सर्व्हर मांडायचं डोक्यात असेल तर ते काढून टाक. पावसात वाळपईकडे वीज गेली की तुझं पान कोण उघडणार?

जुन्या अकाउंटचा डेटा दोनदा मागव: एकदा एचटीएमएल, ब्राउझरमध्ये वाचायला, आणि एकदा जेसन (JSON, सॉफ्टवेअरला वाचता येणारी फाइल), कारण पिक्सेलफेडवर फोटो आयात करायला तेच लागतं. ही सोय प्रत्येक सर्व्हरवर सुरू नसते, आधी विचार. डाउनलोडची लिंक थोडेच दिवस चालते. फाइल उतरवलीस की लगेच उघड आणि कॅप्शनमधलं मराठी नीट दिसतंय का बघ. मग बायोमध्ये नवा पत्ता टाक आणि पुढच्या शिगम्यापर्यंत अकाउंट तसंच ठेव. उडवायचं ते त्यानंतर बघू.