मायक्रो डोक्यात राहतच नाही, मॅडम!

"रात्री सगळं पाठ करते आणि सकाळी पाटी कोरी. मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही, मॅडम." कोल्हापुरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, शिरोळ तालुक्यातली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दुसऱ्या वर्षाच्या बऱ्याच मुलांचं गाऱ्हाणं असंच असतं: फार्मातलं (औषधशास्त्रातलं) औषध पेशंटला देता तरी येतं, पॅथॉलॉजीत आजार डोळ्यांना दिसतो, मायक्रो (मायक्रोबायोलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र) म्हणजे नुसती जंतूंची नावं.

मी तिची वही मागितली. लेप्टोस्पायराचं, म्हणजे लेप्टो तापाच्या जंतूचं, पान तीन रंगांच्या पेनांनी भरलेलं. स्पायरोकीट (मळसूत्री आकाराचा जंतू), डार्क-फील्ड (तो पाहायची सूक्ष्मदर्शकाची पद्धत), ईएमजेएच मीडियम (तो वाढवायचं माध्यम), डॉक्सीसायक्लिन (त्यावरचं औषध). आजारी माणूस मात्र पानभर कुठेच नव्हता.

"2019 च्या पुरात तुमच्याकडे काय झालं होतं गं?"

ती बोलत सुटली. पाणी उतरल्यावर आजोबा अनवाणीच गोठ्यातला चिखल ओढायला लागले. टाचांना ह्या एवढ्या भेगा. घरात उंदीरच उंदीर. आशाताई गोळ्या देऊन गेल्या, त्या आजोबांनी कोनाड्यात ठेवल्या त्या ठेवल्याच. इथे ती एकदम थांबली. उंदराच्या लघवीतून जंतू पाण्यात, टाचेच्या भेगेतून अंगात... "त्या गोळ्या डॉक्सीच्याच असणार! मॅडम, हे मला कळत होतं की!"

मग आम्ही वाचायचा क्रमच उलटा केला. आधी पेशंट: काम काय करतो, पाणी कुठलं पितो, ताप कितव्या दिवसाचा. त्यानंतर जंतू आणि तपासणी. डेंग्यूत सुरुवातीच्या दिवसांत विषाणूचं प्रथिन रक्तात सापडतं, म्हणून तेव्हा एनएस1 ही तपासणी. अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून आयजीएम या अँटीबॉडीची तपासणी साधारण पाचव्या दिवसानंतर. तापाचे दिवस मोजले की हे घोकावं लागत नाही. मीडियमची नावं घोकावी लागतातच, त्याला इलाज नाही.

मार्कांपेक्षा तिनं स्वतःची लायकी काढली, ते मला जास्त लागलं. म्हणून झोप-जेवणाचीही चौकशी केली; ते ठीक होतं. वडिलांना फोनवर एवढंच म्हटलं, "महिनाभर मार्क विचारू नका. जेवलीस का, ते विचारा."

पण दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नकोसं वाटतं, असं असेल तर तो अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न नव्हे. तेव्हा थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतून बोलता येतं.