लिनक्सवर विंडोजचे गेम : पुसण्याआधी विचारा

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून लिनक्सकडे वळलेल्या वाचकांची पत्रं वाढली आहेत. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन हा एमुलेटर (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) असल्यामुळे गेम निम्म्याच वेगाने चालतात, असं मित्र सांगतो. खरं आहे का?

नाही. वाइन १९९३पासून आहे आणि हा गैरसमजही जवळपास तितकाच जुना असावा. वाइन प्रोसेसरची नक्कल करत नाही. फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज वाजव, असं जे जे गेम विंडोजकडे मागतो ते लिनक्सकडून करवून घेतं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये आणलेलं प्रोटॉन म्हणजे हेच वाइन, पण गेमसाठी बेतलेलं. त्यातलं डीएक्सव्हीके डायरेक्टथ्रीडी (विंडोजची चित्रं काढण्याची पद्धत) ११पर्यंतच्या गेमचं चित्रकाम वल्कनकडे (लिनक्सवरही चालणाऱ्या तशाच पद्धतीकडे) वळवतं आणि १२साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे. काही गेम विंडोजपेक्षा हळू चालतात, बरेचसे बरोबरीने, एखादा चक्क जास्त वेगाने. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल आणि त्याला वल्कन १.३ झेपत नसेल, तर डीएक्सव्हीकेच्या नव्या आवृत्त्या चालणार नाहीत. कार्डाचं नेमकं मॉडेल आणि ड्रायव्हरची आवृत्ती लिहून आपल्या डिस्ट्रोच्या (तुम्ही बसवलेल्या लिनक्सच्या प्रकाराच्या) मदतकक्षात विचारा. मित्राला विचारू नका.

प्रश्न : गेम उघडत नव्हता म्हणून सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, वाइन चालवलं. चालेल ना?

अजिबात नाही.

प्रश्न : विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर गेम आधीच उतरवलेले आहेत. तेच लिनक्सवर वापरू का?

नका वापरू. प्रोटॉनला ‘सी:’ अशा नावाची लिंक तयार करावी लागते आणि विंडोजच्या नियमांत फाइलच्या नावात हे विसर्गासारखं चिन्ह बसत नाही. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल, तर लिनक्सला ती ड्राइव्ह बहुधा फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. गेम लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीच्या पार्टिशनवर घ्या. पार्टिशन लहान-मोठं करायची वेळ आली तर आधी बॅकअप घ्या आणि हात बसलेल्या माणसाला शेजारी बसवा.

प्रश्न : अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) असलेला ऑनलाइन गेम लिनक्सवर चालवण्यासाठी एका व्हिडिओत पॅच दिला आहे. टाकू का?

टाकू नका, खातं गमवाल. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनीही २०२१मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. व्हॅलोरंट या गेमचं अँटी-चीट व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतं, ते प्रोटॉनच्या आवाक्याबाहेरचं आहे. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर छान चालत होता, २०२४मध्ये कंपनीने दार लावून घेतलं. तेव्हा ‘परवा तर चालत होता’ हा पुरावा नव्हे. कंपनीच्या सपोर्टला लेखी विचारा.

प्रश्न : गेम मध्येच बंद पडत होता. ‘कॉम्पॅटडेटा फोल्डर उडवा, सगळं ठीक होईल’ असा सल्ला मिळाला. उडवला. गेम सुरू झाला, पण पहिल्यापासून. माझे सेव्ह कुठे गेले?

तुम्ही पुसलेत. या एका सल्ल्याने जितक्या लोकांचा खेळ बुडाला आहे, तितका कुठल्याही बगने बुडाला नसेल.

पुढच्यांसाठी नीट सांगतो. स्टीमच्या स्टीमॲप्स फोल्डरमधलं कॉम्पॅटडेटा उघडलंत की नुसत्या आकड्यांची फोल्डरं दिसतात. आकडा म्हणजे त्या गेमचा स्टीमवरचा क्रमांक, दुकानातल्या त्याच्या पानाच्या पत्त्यातही तो सापडतो. आत पीएफएक्स, त्यात ड्राइव्ह_सी, मग यूजर्स, मग स्टीमयूजर. तिथे डॉक्युमेंट्स, ॲपडेटा, सेव्ह्ड गेम्स अशी विंडोजवरची ओळखीची मंडळी बसलेली असतात. प्रत्येक गेमला स्वतःची वेगळी सी ड्राइव्ह मिळालेली आहे, आणि कित्येक गेम आपले सेव्ह त्यातच ठेवतात. हा कचरा नव्हे.

‘सेव्हची प्रत इंटरनेटवर ठेवणारं स्टीम क्लाउड आहे की’ असं लगेच म्हणू नका. क्लाउडची सोय प्रत्येक गेमला नसते. तुमच्या गेमला आहे का, ते त्याच्या पानावर बघा. दुसरी गल्लत अशी : गेमची लिनक्स आवृत्ती खेळत असताना कुणी सक्तीने प्रोटॉन लावायला सांगतं, सेव्ह दिसेनासे होतात आणि माणूस घाबरून गेम काढून टाकतो. सेव्ह बहुधा जुन्या जागीच असतात, नवी आवृत्ती वेगळीकडे शोधत असते. पूर्ववत करा, आधी बघा.

खरोखरच प्रिफिक्स (गेमची ती वेगळी सी ड्राइव्ह) नव्याने करायचा असेल तर आकड्याचं फोल्डर पुसू नका, त्याचं नाव बदला. गेम चालला की सेव्ह उचलून नव्यात ठेवा. पण त्याही आधी लाँच ऑप्शन्समधून प्रोटॉनचा लॉग (काय काय घडलं त्याची नोंद) सुरू करा. होम फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाची फाइल तयार होईल, ती प्रोटॉनच्या जाणकारांना दाखवा. लॉग न बघता ‘उडवा’ म्हणणारा जाणकार नसतो, तो घाईत असतो. आज रात्री सेव्हची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. रविवारी करू म्हणणारेच मला सोमवारी पत्र लिहितात.

प्रश्न : पहिल्या अर्ध्या तासात गेम अडखळतो, मग सुरळीत. का?

शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात. ते आधीच तयार ठेवणारी स्टीमची शेडर प्री-कॅशिंग चालू ठेवा.

प्रश्न : एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) दुप्पट करणारी स्क्रिप्ट विकत मिळते. घ्यावी का?

अशा विकाऊ पुड्यांत सहसा गेममोड, मँगोहड, जीई-प्रोटॉन हीच नावं निघतात आणि ही तिन्ही फुकट आहेत. मँगोहड तर नुसते आकडे दाखवतं, वेग वाढवत नाही. वर ती स्क्रिप्ट तुमचा पासवर्ड मागते. पासवर्ड देण्याआधी ती वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

प्रश्न : सेलमध्ये गेम घेतला, आता उघडला तर चालत नाही. पैसे परत मिळतील का?

कधी घेतलात ते लिहिलेलं नाही, म्हणजे बरेच दिवस झाले असणार. स्टीमचा नियम असा : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला. सेलमध्ये ढीगभर घेऊन ठेवायचे आणि सवडीने उघडायचे, ही सवय लिनक्सवर महागात पडते. घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी ही साइट बघा, कुठला गेम प्रोटॉनवर कसा चालतो ते खेळणारे तिथे लिहितात. तिथलं प्लॅटिनम-गोल्डचं लेबल नव्हे, लोकांचे अनुभव वाचा : तारीख अलीकडची आहे का, कार्ड तुमच्यासारखं आहे का, कुठलं प्रोटॉन वापरलंय. घेतलात की त्याच दिवशी चालवा. आता मुदत टळली असली तरी स्टीम सपोर्टकडे अर्ज करा. तोवर प्रोटॉन एक्सपेरिमेंटल (प्रोटॉनची प्रायोगिक आवृत्ती) लावून पाहा आणि तरीही नाही चालला तर लॉगसकट लिहा.