पाचव्या महिन्यात कोरोनाची लस घ्यावी का?

तुमचा पाचवा महिना चालू आहे, एक डॉक्टर लस घ्या म्हणतात, दुसरे बाळंतपणानंतर बघू म्हणतात आणि घरात कुणाचीच तयारी नाही. काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. माझा आठवा संपत आलाय आणि जुलै २०२१ च्या मध्यावर, सातवा लागताना मी कोविशील्डचा पहिला डोस घेतला, एवढ्याच अधिकारावर लिहिते आहे.

आधी त्या दोन डॉक्टरांचं. मलाही मेमध्ये 'अजिबात नको' आणि जुलैत 'लगेच घ्या' असं सांगितलं गेलं, तेही एकाच दवाखान्यात! चिडले होते. मग कळलं की जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा नियमच होता, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस द्यायची नाही. कुणाला अपाय झाला होता म्हणून नव्हे. चाचण्यांमध्ये गरोदर बायकांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे हाताशी माहिती नव्हती. १९ मेला पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली आणि २ जुलैला गरोदर बायकांना, कुठल्याही महिन्यात. मधल्या काळात अमेरिकेत हजारो गरोदर बायकांनी लस घेतली होती आणि त्यांच्या नोंदींत काही वावगं दिसलं नव्हतं. त्या लसी फायझर-मॉडर्नाच्या, आपल्या नव्हेत, हेही खरं. पण आपल्या दोन्ही लसींमध्येही, म्हणजे कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये, जिवंत कोरोना नाही. लसीमुळे तुम्हाला किंवा बाळाला कोरोना होणार नाही. तुमचे दुसरे डॉक्टर बहुतेक अजून जानेवारीतच आहेत. मात्र तुमच्या तब्येतीतलं एखादं कारण त्यांच्या मनात असेल, तर ते स्पष्ट विचारून घ्या.

घरच्यांची गोष्ट वेगळी. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "पोटात जीव असताना कशाला टोचून घ्यायचं?" मी म्हटलं, आई, धनुर्वाताची इंजेक्शनं मी याच पोटासकट घेतली, तुम्हीच तर सोबत आला होतात. त्या गप्प झाल्या, पटलं मात्र नाही. पटलं ते आकड्यांनी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नोंदींत पहिल्या लाटेत कोरोना झालेल्या १,१४३ गरोदर आणि बाळंतीण बायकांपैकी ८ दगावल्या; दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी २२. आम्ही घरात 'लस की काहीच नको' असा वाद घालत होतो, आणि खरा प्रश्न 'लस की कोरोना' असा होता. नवरा रोज बसने कामावर जातो, मग मी घरात बसून किती सुरक्षित?

केंद्रावर मात्र वैताग आला. पोट बघून तिथल्या बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, मग नियम काय आहे यावर त्यांच्यातच चर्चा, आणि मी तासभर उभी. तुम्ही फाइल घेऊनच जा, आणि सोबत कुणीतरी रांगेत उभं राहणारं न्या.

रात्री अंग तापलं, हात ठणकला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेली पॅरासिटामॉल घेतली. ताप अंगावर काढू नका, गरोदरपणात तो चांगला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. पहिल्या वीसेक दिवसांत धाप, छातीत किंवा पोटात न थांबणारं दुखणं, हातापायाला सूज, अंगावर लाल बारीक ठिपके असं काही दिसलं, तर मात्र घरी थांबायचं नाही.

आधी एखाद्या लसीची किंवा औषधाची जोरदार ॲलर्जी आली असेल, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल किंवा नुकताच कोरोना होऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

२०२१ मधल्या नियमाप्रमाणे कोविशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवस लागायचे, कोव्हॅक्सिनला २८. त्या हिशेबाने पाचव्या महिन्यात घेतली तर कोविशील्डचाही दुसरा डोस बाळंतपणाआधी बसायचा. माझं गणित चुकलं: दुसऱ्या डोसची आणि बाळंतपणाची तारीख चार दिवसांच्या अंतराने आलीय. डॉक्टर म्हणाल्या, आधी बाळ येऊ दे, डोस पाजतानाही चालतो.