अबखाझिया : जमीन, वीज आणि बलाढ्य पाठीराखा

प्रश्न : रशियाची मान्यता, पैसा आणि सैन्य यांच्या आधारावरच काळ्या समुद्राकाठचा अबखाझिया हा प्रदेश जॉर्जियापासून वेगळा राहू शकला आहे, असे नेहमी वाचनात येते. तसे असेल तर नोव्हेंबर २०२४मध्ये तेथील लोकांनी रशियाशी झालेल्या कराराविरुद्ध थेट संसदेत घुसून राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हायला का लावले? त्यांना पुन्हा जॉर्जियात जायचे आहे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. संसदेत शिरलेल्या विरोधकांनीही आपला रोख रशियाशी असलेल्या मैत्रीवर नाही, असे लागलीच जाहीर केले होते, आणि ते केवळ भीतीपोटी म्हटले असे मानण्याचे कारण नाही. १९८९च्या जनगणनेत अबखाझियाच्या सव्वापाच लाख लोकसंख्येत अबखाझ जेमतेम १८ टक्के होते, तर जॉर्जियन सुमारे ४६ टक्के. जॉर्जियाशी झालेल्या १९९२-९३च्या युद्धात दोन लाखांहून अधिक जॉर्जियन लोकांना घरदार सोडून जावे लागले आणि २०११च्या गणनेत उरलेल्या दोन लाख चाळीस हजारांत अबखाझांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक भरले. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे जमिनीच्या प्रश्नावर हा समाज इतका हळवा का आहे ते कळू लागते. विस्थापित जॉर्जियन परत येतील ही धास्ती आणि धनाढ्य रशियन येऊन समुद्रकिनारा विकत घेतील ही धास्ती, या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोहोंच्या मुळाशी आपण आपल्याच भूमीत मूठभर उरू ही एकच शंका आहे.

म्हणूनच परदेशी नागरिकांना घरे-जमिनी विकण्यास तेथील कायद्याने मनाई आहे, आणि या मनाईतून ज्या देशाने २६ ऑगस्ट २००८ रोजी अबखाझियाला मान्यता दिली त्या रशियाचे नागरिकही सुटलेले नाहीत. रशियाला ही तरतूद अनेक वर्षे खुपत आली आहे. डिसेंबर २०२३मध्ये पित्सुंदा येथील जुनी सरकारी विश्रामधाम-मालमत्ता रशियाच्या हवाली करण्यास संसदेने मान्यता दिली, तेव्हाच असंतोष वाढू लागला होता. पुढे परदेशी लोकांना ‘अपार्टमेंट’ विकत घेता यावेत यासाठी आणलेले विधेयक जुलै २०२४मध्ये सरकारला मागे घ्यावे लागले. मॉस्कोने याचे उत्तर पैशाच्या भाषेत दिले : दिलेली आश्वासने पाळली नाहीत असे कारण देऊन १ सप्टेंबरपासून सामाजिक खर्चासाठीची मदत थांबवण्यात आली. शिक्षक व डॉक्टर यांच्या वेतनातील पूरक रक्कम याच मदतीतून येत असल्यामुळे चिमटा थेट घराघरांत बसला.

अशा अवस्थेत ३० ऑक्टोबरला मॉस्कोत गुंतवणूक करारावर सह्या झाल्या. रशियन कंपन्यांना कर आणि सीमाशुल्कात मोठ्या सवलती देणारा हा करार म्हणजे मागच्या दाराने जमीन देणे होय, असे विरोधकांचे म्हणणे होते. ११ नोव्हेंबरला पाच विरोधी कार्यकर्त्यांना पकडण्यात आले, तेव्हा समर्थकांनी गुमिस्ता आणि कोदोर या नद्यांवरील पूल अडवले. सुखुमीच्या एका अंगाला गुमिस्ता आणि दुसऱ्या अंगाला कोदोर असल्यामुळे हे दोन पूल बंद झाले की राजधानी दोन्हीकडून कोंडली जाते. दुसऱ्या दिवशी पाचही जणांची सुटका झाली. १५ तारखेला संसदेत कराराला मंजुरी द्यायची होती. त्याऐवजी जमावाने ट्रकच्या धडकेने आवाराचे फाटक उखडले आणि इमारत ताब्यात घेतली. राष्ट्राध्यक्ष अस्लान ब्झानिया आपल्या तामिश या गावी गेले, जमावाने इमारत सोडल्यास राजीनामा देतो असा निरोप त्यांनी तेथून दिला, आणि १९ नोव्हेंबरला राजीनामा दिला. ३ डिसेंबरला संसदेने करार फेटाळला.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. २०१४मध्ये जमावाने अलेक्सांद्र अंकवाब यांना घालवले आणि राउल खाजिंबा आले. जानेवारी २०२०मध्ये खाजिंबांनाही तसेच जावे लागले आणि त्यातून ब्झानियांना वाट मिळाली. ज्या दाराने ते आत आले त्याच दाराने बाहेर पडले, एवढेच म्हणता येईल. राष्ट्राध्यक्षाला रस्त्यावर उतरून घालवण्याची ही सवय लोकशाहीची खूण मानावी की संस्थांच्या दुबळेपणाची, यावर दुमत होऊ शकते. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. मात्र सीमेपलीकडच्या रशियात असे काही घडण्याची कल्पनाही करता येत नाही, हेही तितकेच खरे.

प्रश्न : इंगुरीसारखे प्रचंड धरण असूनही त्याच डिसेंबरमध्ये अबखाझिया अंधारात का बुडाला? ही रशियाने केलेली शिक्षा होती का?

उत्तर : पूर्णपणे नाही, पण रशियाने वेळ साधली असे म्हणावे लागते. इंगुरीची रचनाच विलक्षण आहे. २७१.५ मीटर उंचीची कमानी भिंत जॉर्जियाच्या ताब्यातील प्रदेशात आहे. तिच्यामागचे पाणी सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून डोंगराखालून जाते आणि अबखाझियाच्या ताब्यातील गाली जिल्ह्यात असलेल्या वीजगृहात जनित्रे फिरवते. एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे जनित्रे. त्यामुळे परस्परांवर गोळ्या झाडलेल्या दोन बाजूंना हे केंद्र आजवर एकत्र चालवावे लागले आहे. ठरलेल्या वाटपात सुमारे ४० टक्के वीज अबखाझियाची, परंतु हिवाळ्यात नदीचे पाणी आटते आणि नेमकी तेव्हाच अबखाझियाची मागणी शिगेला पोहोचते. वीज अतिशय स्वस्त असल्यामुळे घरे तिच्यावरच उबदार ठेवली जातात, तारा आणि रोहित्रे जुनाट आहेत, आणि बंदी असतानाही क्रिप्टो-चलनाच्या ‘मायनिंग’ची (संगणकांवर असे चलन मिळवण्याची) भरपूर वीज खाणारी यंत्रे तळघरांतून चालू असतात. ही तूट काही वर्षे रशियाकडून येणाऱ्या विजेने भरून निघत असे. २०२४च्या हिवाळ्यात मदत आटली आणि पाणीही आटले.

११ डिसेंबरपासून वीज दिवसाला २ तास ४९ मिनिटे मिळेल, असे जाहीर झाले. या आकड्यातला मिनिटांपर्यंतचा काटेकोरपणा वाचताना अंगावर येतो, कारण स्वयंपाक, पाणी तापवणे आणि फोन चार्ज करणे, हे सगळे तेवढ्यात बसवायचे होते. शाळा व बालवाड्या बंद ठेवाव्या लागल्या. त्याआधी नोव्हेंबरमध्ये, राजीनाम्याच्याच दिवशी, रशियाच्या कृषी-तपासणी यंत्रणेने कीड आढळल्याचे सांगून अबखाझियातून येणारी मँडरिन संत्री अडवली होती. नववर्षासाठी रशियाच्या बाजारात जाणारी ही संत्री म्हणजे तेथील शेतकऱ्याचे हिवाळ्यातले रोख पीक. कीड असेलही, पण तारखेचा योगायोग कोणाच्याही नजरेतून सुटला नाही. १९ डिसेंबरला, मायनिंगवरील बंदीच्या चर्चेचा दिवस असताना, संसद भवनातच एका खासदाराने वाख्तांग गोलांद्झिया या सहकारी खासदारावर गोळी झाडून त्यांचा जीव घेतला. चार दिवसांनी, २३ डिसेंबरला, ‘मानवतावादी मदत’ म्हणून रशियाची वीज सुरू झाली.

प्रश्न : मग निवडणुकीने काय बदलले?

उत्तर : व्यक्ती बदलली, अवलंबित्व नाही. ब्झानियांचे उपराष्ट्राध्यक्ष बाद्रा गुंबा हंगामी प्रमुख झाले होते. १५ फेब्रुवारी २०२५च्या मतदानात कोणालाही बहुमत मिळाले नाही आणि १ मार्चच्या दुसऱ्या फेरीत गुंबा यांनी विरोधी नेते अद्गुर आर्दझिंबा यांना सुमारे ५५ विरुद्ध ४२ टक्क्यांनी हरवले. म्हणजे नोव्हेंबरमध्ये ज्या सरकारविरुद्ध फाटक उखडले गेले, त्यातलाच माणूस मार्चमध्ये निवडून आला. मधल्या काळात वीज आली होती आणि पहिल्या फेरीच्या आठवडाभर आधी मॉस्कोहून चाचणीचे विमान सुखुमीच्या धावपट्टीवर उतरले होते. युद्धापासून बंद असलेला हा विमानतळ १ मेपासून नियमित उड्डाणांसाठी खुला झाला. जॉर्जियाच्या दृष्टीने तो अर्थातच बेकायदा आहे. जो करार सह्यांनी झाला नाही त्याच्या दिशेची वाटचाल अशा सोयींतून होईल, असा आमचा अंदाज आहे. परंतु जमिनीच्या विक्रीला हात घालण्याआधी गुंबा यांना ते दोन पूल आठवल्याखेरीज राहणार नाहीत.

प्रश्न : राजधानीचे नाव सुखुम की सुखुमी?

उत्तर : शेवटचा ‘ई’ हा जॉर्जियन भाषेतला प्रत्यय असल्यामुळे रशियात आणि अबखाझियात ‘सुखुम’ म्हणतात, तर जॉर्जियन लोक ‘सोखुमी’ म्हणतात. अबखाझ भाषेत शहराचे नाव या दोहोंपेक्षा वेगळे, ‘आक्वा’ असे आहे. भारताने अबखाझियाला मान्यता दिलेली नाही आणि आपल्याकडच्या नकाशांत ‘सुखुमी’च छापलेले असते, म्हणून आम्हीही तेच लिहितो.